हवा लागू नये म्हणून

आकाराममामा आणि त्यांचं बोट एकाच गाडीतून आले, पण वेगवेगळे. मामा पुढच्या सीटवर होते, डावा हात टॉवेलात गुंडाळून वर धरलेला. बोट मागे होतं, विजयमालामावशींच्या मांडीवर, थर्मोकोलच्या डब्यात.

तासगावच्या पुढं त्यांचं गाव. ऑगस्टचा शेवटचा आठवडा म्हणजे द्राक्षाच्या कलमांचा हंगाम. सकाळी साडेनऊला मामा बॅटरीवर चालणाऱ्या कात्रीनं खुंटांचे शेंडे उडवत होते. ही कात्री अंगठ्याएवढी फांदी एका झटक्यात कापते. डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरावर कापली गेली. साडेअकराच्या आत ते सांगलीत आमच्या हॉस्पिटलात होते.

डॉक्टर राजेश्वरी हाताच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांनी डबा उघडला आणि थांबल्या. बोट ओल्या फडक्यात होतं, फडकं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड बांधलेलं, आणि बर्फ पिशवीच्या बाहेर. बोटाला बर्फाचा स्पर्श नव्हता. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात निम्मे लोक बोट बर्फात बुडवून आणतात आणि ते गोठून निकामी होतं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात?" मावशी म्हणाल्या. "कलमाच्या काड्या अशाच आनतो आमी. चांगल्या बागंतली काडी लांबनं आनायची म्हनल्यावर वाळून चालत न्हाई, भिजूनबी चालत न्हाई."

मामा आणि मावशी दोघं मिळून कलमं भरतात. बावीस हंगाम झाले. मामा खुंट चिरतात, काडीची पाचर करतात, पाचर खुंटात बसवतात आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत तो जोड धरून ठेवतात. मावशी त्यावर प्लास्टिकची पट्टी ओढून गुंडाळतात. जोड एक केसभरही हलता कामा नये, ते काम तर्जनीचं. त्यांची शंभरातली नव्वद कलमं लागतात, असं मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव सांगितलं.

शस्त्रक्रिया संध्याकाळी सहापर्यंत चालली. हाड तारेनं जोडलं, शिरा सूक्ष्मदर्शकाखाली शिवल्या. बाहेर आल्यावर डॉक्टर थकल्या होत्या आणि खूश होत्या. मामांना त्या म्हणाल्या, "मामा, काडी तुम्ही चांगली आणलीत. कलम मी भरलंय. आता हे कलमच समजा. हलवायचं नाही, जपायचं."

"लागंल का पर?" मामांनी विचारलं.

"बघू. तंबाखू बंद, चहा बंद. आणि उद्यापासून दोन वेळा दीक्षाकडे."

दीक्षा म्हणजे मी. मी लोणंदची. फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, मग सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि गेल्या वर्षापासून इथं ऑक्सिजन चेंबर चालवते. चेंबर म्हणजे माणूस झोपेल एवढी पारदर्शक नळी. आत शुद्ध ऑक्सिजन भरतो आणि दाब बाहेरच्या दाबाच्या सव्वादोन पटींवर नेतो. त्या दाबाला ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यातही विरघळतो, आणि जिथं तांबड्या पेशी नीट पोचत नाहीत तिथंही थोडा पोचतो. जोडलेल्या बोटाला सुरुवातीचे दिवस काढायला त्याची मदत होते. सकाळी नऊला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा. दाब चढवणं-उतरवणं धरून प्रत्येक वेळी दोन तास.

शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर काय होतं ते प्रशिक्षणात आम्हाला दाखवलं होतं. म्हणून आत फक्त सुती कपडे. तेल नाही, मोबाइल नाही, प्लास्टिक नाही, नायलॉन नाही. आत जाण्याआधी मी प्रत्येकाला यादी वाचून विचारते.

"केसाला तेल?"

"न्हाई," मामा म्हणाले. मी डोक्याकडे बघितलं. "हे आपलं बोटभर लावलंय सकाळी." मग स्वतःच हसले. "बोटभर म्हंजे आता केवढं, ते तुमी ठरवा."

मावशींनी त्यांचं डोकं शाम्पूनं धुतलं, दोनदा. तंबाखूची पुडी मी काढून घेतली. चुन्याची डबी दिली नाही तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. नुसता चुना कशाला हवा, असं मी विचारलं. "हाताला सवय हाय, ताई. डबी असली म्हंजे बरं वाटतंय." डबी धातूची होती. तीही काढून घेतली.

पहिली वेळ चांगली गेली. कान दुखतील तेव्हा आवंढा गिळायचा, एवढं त्यांनी पाळलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "बेदाना कोल्ड स्टोरेजला ठिवत्यात, तसं ठिवलं की मला."

मावशी नळीला हात लावून बघत होत्या. "आत काय करता ओ, ताई?"

इथं मी जे उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं, कारण नंतर ते मी पुष्कळदा तपासून बघितलं. मी म्हणाले, "आत दाबून हवा भरतो, मावशी. ती हवा बोटात शिरते आणि बोट जगतं."

हवा आणि ऑक्सिजन यांतला फरक मला माहीत आहे. ऑक्सिजन कातडीतून शिरत नाही, श्वासातून फुप्फुसात जातो आणि तिथून रक्तानं बोटापर्यंत येतो, हेही माहीत आहे. पण पुढचा रुग्ण बाहेर बसला होता आणि हा शब्द लहान होता.

"बोटात शिरती?" मावशींनी विचारलं.

"हो."

"जोडाच्या जागीबी?"

"सगळीकडे."

मावशींनी मामांकडे बघितलं. मामांनी मावशींकडे बघितलं. समजलं त्यांना, असं मला वाटलं.

जोडलेलं बोट कसं आहे हे बघायच्या तीन गोष्टी असतात: रंग, ऊब, आणि नखापाशी दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा किती वेळात पुन्हा लाल होते ते. या वेळेला आम्ही रिफिल म्हणतो. दोन सेकंदांच्या आसपास असावा. वॉर्डातल्या सिस्टर मनात एक-दोन मोजतात. मी मोबाइलवर चित्रण करायची आणि नंतर एकेक फ्रेम मोजायची. तीस फ्रेम म्हणजे एक सेकंद. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चेंबरमध्ये जाण्याआधीचा आणि बाहेर आल्यावरचा आकडा एकमेकांशेजारी ठेवला तर या यंत्रानं नक्की काय फरक पडतो ते दिसेल, असं मला वाटत होतं.

पहिल्या वेळी आधी एक पूर्णांक नऊ सेकंद, नंतर दोन पूर्णांक तीन.

दुसऱ्या वेळी आधी एक पूर्णांक नऊ, नंतर एक पूर्णांक एक.

तिसऱ्या वेळी नंतरचा आकडा शून्य पूर्णांक आठ. चौथ्या वेळी शून्य पूर्णांक सहा.

रक्त दर वेळी आणखी लवकर परत येत होतं. मी आलेख काढला. रेषा सुरेख उतरत होती. पहिला बिंदू तेवढा वेगळा पडत होता, तो मी मोजण्यातली चूक म्हणून बाजूला ठेवला. रंगाच्या रकान्यात मी "गुलाबी", मग "गुलाबी, गडद", मग "गडद" असं लिहिलं होतं. रंगाला आकडा नसतो, त्यामुळं त्या रकान्याकडे मी फारसं बघितलं नाही.

संध्याकाळी वॉर्डात गेल्यावर बोट दोन-तीन तास फुगलेलं आणि काळपट राहायचं, मग निवळायचं. सिस्टरांनी तशी नोंद केली होती. डॉक्टर सकाळी आठला बघायच्या, तोवर ते गुलाबी झालेलं असायचं.

तिसऱ्या सकाळी ते निवळलं नाही. मी आलेख घेऊन वॉर्डात गेले तेव्हा डॉक्टर राजेश्वरी मामांच्या पलंगापाशी उभ्या होत्या. बोटाचं टोक पिकलेल्या जांभळासारखं दिसत होतं.

"मॅडम, रिफिल मात्र खूप सुधारलाय," मी म्हणाले आणि कागद पुढं केला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. "शून्य पूर्णांक सहा. हे तुला चांगलं वाटलं?"

"वेळ कमी होतोय. म्हणजे रक्त लवकर पोचतंय."

"पोचतंय गं. परत जातंय का? नळ चालू आहे आणि मोरी तुंबलीय. बोट रक्तानं इतकं भरलंय की दाबून सोडलं की लगेच लाल होतंय." त्यांनी पहिल्या बिंदूवर बोट ठेवलं. "आणि हा तू खोडलास? दाबाखालच्या ऑक्सिजननं रक्तवाहिन्या आकसतात. बाहेर आल्या आल्या वेळ थोडा वाढायलाच हवा. तुझ्या कागदावर हा एकच आकडा बरोबर आहे."

मी कागद परत घेतला.

"पहिल्या वेळेनंतर काय बदललं?"

"काही नाही, मॅडम."

"काहीतरी बदललंय. हात उंच ठेवून खाली ने त्यांना, नेहमीसारखं. चेंबर सुरू करू नकोस. मी येतेच."

मामा आमचं बोलणं ऐकत होते. मला वाटतं, त्यांना एवढंच कळलं की बोट बिघडतंय. चाकाच्या खुर्चीत त्यांनी मला विचारलं, "काडावं लागंल का, ताई?"

"अजून नाही."

"काडलं तर मग मी काड्या गोळा करनाराच. जोड धरायला दुसरं बोट चालत न्हाई. करून बघितलंय मी मागं, ह्या बोटात काटा मोडला हुता तवा. मधल्या बोटाला कळतच न्हाई कुठं बसलंय ते."

चेंबरच्या खोलीत कपडे बदलायला पडद्याची एक जागा आहे. मावशी त्यांना आत घेऊन गेल्या. मी बाहेर यादी हातात धरून उभी होते. पडद्यामागून आवाज आला.

"वडा जरा. सैल हाय," मामा म्हणाले.

"दुखंल की."

"दुखू दे. काल सैलच ऱ्हायलं आसंल, म्हनून जळाया लागलंय. आज अजिबात हवा शिराया नको."

मी पडदा सरकवला.

मावशींच्या दातांत पांढरट प्लास्टिकच्या पट्टीचं टोक होतं. दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून त्या जोडावर गुंडाळत होत्या, गॉजच्या वरून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल असा. इतक्या भरभर की मी तोंड उघडेपर्यंत चार वेढे झाले होते. वरून पुन्हा गॉजचा एक पदर घेतला की पट्टी दिसलीच नसती. तीन वेळा दिसली नव्हती. प्लास्टिकची पट्टी शुद्ध ऑक्सिजनच्या नळीत माझ्यासमोरून तीन वेळा गेली होती, आणि तिन्ही वेळा मी यादी वाचली होती.

"मावशी, सोडा ते. आत्ता सोडा."

"अगं, पर हवा—"

"सोडा."

डॉक्टर दारात होत्या. त्यांनी खिशातली कात्री काढून पट्टी कापली. खाली बोटाला खोल वळ पडला होता. डॉक्टर स्टूल ओढून बसल्या.

"हे का केलं?"

"जोडाला हवा लागली की कलम वाळतंय," मावशी म्हणाल्या. आवाज अजिबात अपराधी नव्हता. "म्हनून पट्टी हवाबंद पायजे. तुमी बांधलेलं सैल हुतं. वर असताना चालत हुतं, पर हितं तर दाबून हवा भरत्यात. ह्या ताईनीच सांगितलं, जोडातबी शिरती म्हनून. म्हनून आत जायच्या येळंलाच बांधत हुतो. भाईर आल्यावर सोडत हुतो."

"विचारायचं तरी."

"तुमीच म्हनला हुता की, हे कलमच समजा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे बघितलं.

"पट्टी वेळेवर सोडली नाही तर कलमाला काचत नाही का?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं.

"काचतंय की. पर दीड महिन्यानं. दोन तासात कुठं काचतंय कलम?"

"वेलीत रस हळू चालतो, मावशी. बोटात रक्त सारखं येत असतं. दोन तास खूप होतात."

मामा इतका वेळ बोटाकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजी आमीच मारलं."

"अजून मेलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि उठल्या.

त्या सकाळी चेंबर बंद राहिला. डॉक्टरांनी मामांच्या बोटाचं नख काढलं आणि खालच्या जागेला बारीक छेद देऊन रक्त न गोठण्याचं औषध लावलेला बोळा ठेवला. तुंबलेल्या रक्ताला वाट हवी होती. ते थेंबाथेंबानं गळायचं, सुरुवातीला काळं. दर तासाला बोळा बदलायचा. मावशी प्रत्येक बोळ्याचा रंग बघायच्या. त्यांनी स्वतः काहीही बांधू नये म्हणून सिस्टरांनी त्यांच्याकडची पट्टीची गुंडाळी मागितली. कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक काढून दिली. थोड्या वेळानं दुसरी, न मागता.

संध्याकाळी डॉक्टरांनी चेंबर पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्याआधी मी कागदावर चित्र काढलं: नाक, फुप्फुस, हृदय, हात, बोट. "ऑक्सिजन इथून आत जातो," मी नाकावर पेन्सिल ठेवली. "जोडातून नाही. सगळा प्रवास आतून. रक्त तो घेऊन टोकापर्यंत येतं."

मावशींनी चित्रावरून बोट फिरवलं. "म्हंजी मुळातनं."

"हो. मुळातून."

"मग तसं म्हनायचं की ओ, ताई. हवा हवा काय लावलंय."

"चुकलं माझं."

"आन भाईरनं काय बांधायचं न्हाई?"

"काहीच नाही."

त्यानंतरच्या प्रत्येक वेळी मामा नळीत असताना मावशी बाहेर बाकावर बसायच्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन.

मी मोजत राहिले. आता आकडा मोठा होण्याची वाट बघायची होती, आणि डोळ्यांना त्याची सवय नव्हती. चौथ्या दिवशी शून्य पूर्णांक सात. पाचव्या दिवशी एक. सहाव्या दिवशीही एकच. डॉक्टर म्हणाल्या, अजून एक दिवस बघू, नाहीतर मामांशी बोलावं लागेल. सातव्या दिवशी सकाळी एक पूर्णांक चार, आणि बोळ्यावरचं रक्त तांबडं. आठव्या दिवशी एक पूर्णांक सात. रंगाच्या रकान्यात मी आता एकच शब्द लिहीत नव्हते. शेजारच्या बोटापेक्षा किती गडद, उजेड कुठला, किती वाजता, सगळं लिहीत होते. बोटाचं अगदी टोक, भाताच्या दोन शितांएवढं, काळं पडून वाळलं आणि पुढं खपली होऊन गळून गेलं. बाकीचं राहिलं.

तेराव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. मामांनी पुन्हा विचारलं, "लागलं म्हनायचं का?"

"जगलंय," डॉक्टर म्हणाल्या. "कामाचं होईल का ते आत्ता नाही सांगता येत. बोटाला जाणीव नसेल तर ते नुसतं काठीसारखं राहील. तीन महिन्यांनी या."

मधल्या काळात मावशींनी मला एकदा फोन केला होता, डिस्चार्जचा कागद सापडत नव्हता म्हणून. उरलेली कलमं मावशींच्या भावानं, लालासाहेबांनी, जोड धरून पुरी केली होती. "शंभरात साठ लागली," मावशी फोनवर म्हणाल्या. "साठ! लोक तोंडावर हसत्यात. माझा भाऊ हाय म्हनून गप हाय मी."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मामा आले. तार काढून झाली होती. पेर पुरतं वाकत नव्हतं, नख वेडंवाकडं उगवत होतं. मामांनी हात टेबलावर ठेवला. चुन्याची डबी दुसऱ्या हातात होती.

डॉक्टरांनी सुई माझ्याकडे दिली. "तू टोच. मी लिहिते. डोळे मिटा, मामा. कळलं की सांगायचं, अंदाजानं नाही."

मी आधी शेजारच्या बोटाला टोचलं. "हां," मामा म्हणाले. मग तर्जनीच्या मुळाशी. "हां." मग जोडाच्या अलीकडे. "हां." जोडाच्या पुढं टोचलं. मामा काही बोलले नाहीत. आणखी पुढं, बाहेरच्या कडेला. काही नाही. मी सुई नुसती टेकवून, न टोचता विचारलं, "कळलं का?"

"न्हाई."

मावशी भिंतीपाशी उभ्या होत्या.

मी सुई आतल्या कडेला नेली. अंगठ्यासमोर येते ती, जिथं जोड धरायचा ती कडा. टोचलं. मामांच्या भुवया जवळ आल्या. मी मोजलं नाही, पण दोनेक सेकंद गेले असतील.

"लागलं," मामा म्हणाले.

"लागलं?" मावशींनी विचारलं.

मामांनी डोळे उघडले नाहीत. "पुन्यांदा टोचा, ताई. जरा खाली."

मी अर्ध्या सेंटिमीटरवर पुन्हा टोचलं.

"आगं, लागलं," मामा मावशींना म्हणाले. "लय न्हाई. पर लागलं."

डॉक्टरांनी तक्त्यात खूण केली आणि वर न बघता विचारलं, "नुसतं कळलं की दुखलं?"

"दुखलं की ओ!" मामा डोळे उघडून म्हणाले. मावशींनी तेवढ्यात त्यांचा हात उचलून तोंडाजवळ नेला आणि टोकावर आलेला रक्ताचा थेंब नीट बघितला. तांबडा होता. त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला. मी त्या पिशवीकडे बघत होते. मावशींच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी पदराच्या टोकानंच थेंब टिपला.